आधी चित्रपट, मग मुलाखत: महोत्सवात दिग्दर्शिकांशी बोलण्याची पूर्वतयारी

महोत्सवात आलेले कितीतरी स्वतंत्र चित्रपट तिथे एकदा किंवा दोनदा दाखवले जातात आणि नंतर थिएटरात येतच नाहीत. वितरक मिळत नाही, ओटीटीवाले उत्तर देत नाहीत, वर्ष-दोन वर्षं चित्रपट हार्ड डिस्कवर पडून राहतो. अशा चित्रपटाबद्दल मराठीत काही नोंद व्हायची असेल तर ती बहुतेक वेळा त्या आठवड्यातच होते. दिग्दर्शिकेशी झालेली नीट मुलाखत ही त्यातली सगळ्यात टिकाऊ नोंद. ती कशी मिळवायची, कशी घ्यायची आणि नंतर तिचं काय करायचं, हे नव्याने लिहू लागलेल्यांसाठी इथे सांगतो आहोत.

कुठे जायचं

मराठी लिहिणाऱ्याला जवळचे महोत्सव भरपूर आहेत. गोव्यातला इफ्फी २००४ पासून पणजीत होतो, साधारण २० ते २८ नोव्हेंबर. पुण्याचा पिफ २००२ साली सुरू झाला. तो हिवाळ्यात असतो आणि त्यात मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा असते. मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी १९९० पासून मिफ आहे, एक वर्षाआड. आशियाई चित्रपटांसाठी मुंबईतच थर्ड आय आहे. बाहेर जायची तयारी असेल तर डिसेंबरातला तिरुवनंतपुरमचा महोत्सव, धरमशालेचा महोत्सव आणि दिल्लीतला आशियाई स्त्रियांच्या चित्रपटांचा आयएडब्ल्यूआरटी महोत्सव हे तीन आम्ही आवर्जून सुचवू. दिल्लीचा महोत्सव लहान आहे, त्यामुळे दिग्दर्शिका भेटतात आणि निवांत बोलतात.

रेल्वेचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा महोत्सवाच्या संकेतस्थळावर पक्क्या करून घ्या. जुन्या वर्षाच्या अंदाजावर जाऊ नका. इफ्फीचा २०२० चा महोत्सव जानेवारी २०२१ मध्ये झाला. मुंबईचा मामी २०२५ मध्ये झालाच नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने साधं डेलिगेट कार्ड, म्हणजे कोणालाही मिळणारा महोत्सवाचा प्रवेशपास, काढावं. मुलाखतीसाठी पत्रकाराचं कार्ड लागतं हा गैरसमज आहे. पत्रकार कार्डाने पत्रकार परिषदांना बसता येतं आणि काही ठिकाणी वेगळे खेळ मिळतात. मुलाखत मात्र दिग्दर्शिका देते, कार्ड देत नाही. तरीही अर्ज करायचा असेल तर लवकर करा, कारण त्याची मुदत महोत्सवाच्या बरीच आधी संपते. इफ्फीसाठी हा अर्ज पत्र सूचना कार्यालयाकडे, म्हणजे पीआयबीकडे जातो. संपादकाचं पत्र आणि छापून आलेलं लेखन हाताशी ठेवा. मुक्तपणे लिहिणाऱ्याने आपले चित्रपटावरचेच तीन-चार लेख जोडावेत. राजकारणावरचे वीस लेख जोडून उपयोग होत नाही.

वेळापत्रक वाचणं

बहुतेक नवखे इथेच चुकतात. वेळापत्रक आलं की ओळखीची नावं शोधतात आणि कान किंवा बर्लिनहून गाजून आलेल्या चित्रपटांच्या रांगेत दोन-दोन तास उभे राहतात. त्यातले बरेच चित्रपट चार-सहा महिन्यांत थिएटरात किंवा घरच्या पडद्यावर येणारच असतात. ज्याला वितरक मिळालेला आहे तो चित्रपट नंतर बघता येतो, हा पहिला नियम. महोत्सवाचे तास ज्याला वितरक नाही त्याला द्या.

असा चित्रपट ओळखायचा कसा? कॅटलॉगमधल्या प्रत्येक नोंदीत निर्मात्याचं नाव असतं, बऱ्याचदा विक्री-प्रतिनिधी कंपनीचं, म्हणजे चित्रपट वितरकांना विकणाऱ्या कंपनीचंही असतं. विक्री-प्रतिनिधी नाही, निर्माती आणि दिग्दर्शिका एकच आहे, छायाचित्रण किंवा संकलनही तिचंच आहे, असं दिसलं की त्या नोंदीवर खूण करा. पदार्पणाच्या चित्रपटांचे विभाग आधी वाचा. इफ्फीत पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकांची वेगळी स्पर्धा आहे. इंडियन पॅनोरमा हा इफ्फीतला भारतीय चित्रपटांचा विभाग. त्यातल्या नॉन-फीचर, म्हणजे माहितीपट आणि लघुपटांच्या विभागाकडे गर्दी कमी असते आणि दिग्दर्शिका तिथे पुष्कळ सापडतात. लघुपटांच्या एकत्र खेळातही तसंच. गोव्यात इफ्फीच्याच दिवसांत एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बझार भरतो (२०२५ पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बझार). हा २००७ पासून चालू असलेला व्यवसायाचा बाजार आहे, तिथे साध्या डेलिगेट कार्डावर जाता येत नाही. पण अपूर्ण चित्रपटांच्या विभागात निवडलेल्यांची यादी जाहीर होते. ती उतरवून ठेवली की पुढच्या वर्षी-दीड वर्षात कोणाचा चित्रपट येऊ घातलाय हे आधीच कळतं.

मग एक तक्ता करा. आडव्या रांगेत वेळ, उभ्या रांगेत सभागृह. प्रत्येक चित्रपटापुढे लांबी, खेळ किती, दिग्दर्शिका हजर राहणार का, हे लिहा. दिवसाला चार चित्रपट पुरे, पाचवा डोळ्यांसमोरून नुसता निघून जातो. दोन खेळांमध्ये किमान पंचेचाळीस मिनिटं ठेवा, कारण खेळ उशिरा सुरू होतात आणि नंतरची प्रश्नोत्तरं तुम्हाला चुकवायची नाहीत. पणजीत आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस शेजारी आहेत, कला अकादमीही जवळ आहे. पर्वरीच्या पडद्यांसाठी मात्र मांडवी ओलांडावी लागते, संध्याकाळच्या वाहतुकीत त्या फेरीला अर्धा तास धरा. पुण्यातही पडदे शहरभर विखुरलेले असतात, म्हणून एका दिवसात एकच भाग पकडा. इफ्फीत जागा ऑनलाइन राखून ठेवाव्या लागतात. बुकिंग किती आधी खुलं होतं ते दरवर्षी बदलतं, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पिफला रांगेवर जागा मिळते.

एका महोत्सवात तीन मुलाखती झाल्या तरी खूप झालं. दहा ठरवणाऱ्याच्या हाती दहा सारख्याच मुलाखती लागतात.

अंधारात काय टिपायचं

फोनचा उजेड लावून टिपणं काढू नका. मागच्या पाच रांगांना त्रास होतो, आणि दिग्दर्शिका शेवटच्या रांगेत उभी असेल तर तिला ते दिसतं. खिशात मावेल अशी वही घ्या, एका पानावर एकच ओळ, मोठ्या अक्षरात. अंधारात ओळीवर ओळ चढते, म्हणून पान उलटत राहायचं.

मत टिपू नका. ‘छान’, ‘संथ’, ‘भावलं’ असल्या शब्दांतून नंतर प्रश्न निघत नाही. दिसलेलं आणि ऐकू आलेलं टिपा: ‘आई भांडी घासते, कॅमेरा दाराबाहेर’, ‘गाण्याआधी पंख्याचा आवाज बंद’, ‘मुलगी पळते, कट नाही’. अशा बारा-पंधरा ओळी पुरतात.

सुरुवातीच्या पाट्या आणि शेवटची नामावली पूर्ण बघा. सुरुवातीला येणारी बोधचिन्हं पैसा कुठून आला ते सांगतात. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड, फ्रान्सची एखादी निर्मितीसंस्था, एनएफडीसी, की फक्त दिग्दर्शिकेच्या घरच्यांची नावं? शेवटच्या नामावलीत संकलक, ध्वनिरचनाकार, रंगसंस्कार आणि आभाराची यादी असते. आभाराच्या यादीत एखाद्या गावाची ग्रामपंचायत किंवा शाळा दिसली तर तिथे एक प्रश्न दडलेला आहे. लोक उठून जात असतात, तुम्ही बसून राहा.

बाहेर आल्यावर अर्ध्या तासात पाच दृश्यं आठवून वहीत नीट लिहून काढा. पुढचा चित्रपट सुरू झाला की आधीचा पुसट होतो.

वेळ कशी मागायची

खेळानंतरची प्रश्नोत्तरं दहा-पंधरा मिनिटांची असतात. तिथे एक प्रश्न विचारा, वीस सेकंदांत संपणारा, चित्रपटातल्या एका नेमक्या जागेबद्दलचा. आधी दोन मिनिटं स्वतःचं मत मांडून शेवटी ‘यावर काय सांगाल’ म्हणणारे प्रत्येक सभागृहात असतात, इतरांचा वेळ त्यात जातो. तुमचा प्रश्न नेमका असेल तर नंतर बाहेर भेटल्यावर तिला तुमचा चेहरा आठवतो, ओळख करून द्यायला वेगळं काही लागत नाही.

सभागृहाच्या दारात तिला अडवू नका. पुढच्या खेळाचे लोक आत येत असतात आणि स्वयंसेवक तिला बाहेर काढायच्या घाईत असतात. मोकळ्या जागेत दोन वाक्यांत नाव सांगा, इमेल मागा. मोठ्या चित्रपटाला प्रसिद्धी सांभाळणारी व्यक्ती असते, तिच्यामार्फत जावं लागतं. तिथे दहा-पंधरा मिनिटं मिळतात, किंवा पाच-सहा पत्रकारांबरोबर एकत्र बसवतात. एकत्र बसायचं असेल तर दोनच प्रश्न तयार ठेवा आणि पहिला लगेच विचारून टाका. स्वतंत्र चित्रपटाला असं कोणी नसतं, दिग्दर्शिका स्वतः किंवा निर्माती उत्तर देते.

पत्र साधारण असं असावं:

‘नमस्कार. काल दुपारी कला अकादमीत तुमचा चित्रपट पाहिला. आजीचं बोलणं बाहेरच्या पाण्याच्या पंपात बुडतं आणि तुम्ही ते तसंच ठेवलं आहे. त्या निर्णयाबद्दल आणि एकूण ध्वनीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. मी मराठीत लिहिते. मुलाखत अमुक ठिकाणी प्रसिद्ध होईल. पंचवीस मिनिटं हवीत, फक्त आवाज रेकॉर्ड करेन. परवा सकाळी दहा ते बाराच्या मध्ये तुम्ही सांगाल तिथे येईन.’

यात पाचही गोष्टी आल्या: चित्रपट पाहिल्याचा पुरावा, विषय, कुठे छापणार, किती वेळ, काय रेकॉर्ड करणार. दिग्दर्शिका आसामी किंवा मल्याळी असेल तर हेच हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा. ‘तुमची मुलाखत घ्यायची आहे, वेळ कळवा’ एवढ्याच पत्राला उत्तर येत नाही, आणि यायचं कारणही नाही.

पहिल्या खेळाच्या आधीचे दोन तास कधीही मागू नका. त्या वेळी ती प्रोजेक्शन रूममध्ये असते: आवाजाची पातळी बरोबर आहे का, सबटायटल दिसतायत का, चित्राची चौकट नीट बसलीय का. दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळ्यात चांगली. खेळ झालेला असतो, झोप झालेली असते.

चित्रपट बघायचा राहिला असेल तर लिंक मागा. मिळालेली लिंक आणि पासवर्ड कोणालाही पुढे पाठवू नका, अगदी आपल्या संपादकालाही विचारल्याशिवाय नाही. एक लिंक फुटली की चित्रपटाची विक्री अडू शकते. चित्रपट न बघता मुलाखतीला मात्र बसू नका.

प्रश्न

या सगळ्या मार्गदर्शनातला महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘स्त्री दिग्दर्शक म्हणून काय अडचणी आल्या?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दिग्दर्शिकेला प्रत्येक महोत्सवात विचारला जातो. त्याचं उत्तरही तयार असतं, सभ्य आणि सर्वसाधारण. त्यातून वाचकाला त्या चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. तिने अडीच वर्षं संकलनाच्या टेबलावर घालवली आणि मुलाखत मात्र तिच्या बाई असण्यावर झाली, असं होतं. म्हणजे स्त्री असण्याचा विषय काढूच नये का? काढावा, पण कामाच्या दाराने. बाळंतिणींच्या वॉर्डात चित्रीकरण होतं तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता? रात्रीचं शूटिंग संपल्यावर युनिटमधल्या मुली घरी कशा जायच्या, त्याचा खर्च बजेटमध्ये धरला होता का? डोंगरावरच्या लोकेशनला शौचालयाची सोय काय होती? जवळिकीच्या दृश्याच्या वेळी खोलीत किती जण होते आणि ते कोणी ठरवलं? पहिले पैसे कोणी दिले? लहान मूल असताना आउटडोअर कसं जमवलं, हेही विचारता येतं, फक्त तोच प्रश्न तुम्ही पुरुष दिग्दर्शकालाही विचारत असाल तर. या प्रश्नांना तयार उत्तरं नसतात. बोलणारी थांबते, आठवते, मग नेमकं सांगते.

उदाहरणं घेऊ. रीमा दास यांनी आसाममधल्या आपल्याच गावात ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला, त्याला २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लेखन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती सगळं त्यांचं. अशा चित्रपटाला ‘गावाने कसं स्वीकारलं’ हा प्रश्न सुचतो, पण आधी विचारायला हवं ते कॅमेऱ्याबद्दल: एकटीच्या हातात कॅमेरा असताना मुलांना सूचना कधी देता, कॅमेरा चालू ठेवून की थांबवून? मुलांची उंची आणि कॅमेऱ्याची उंची यांचं नातं कसं ठरवलं?

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या मल्याळी परिचारिकांची गोष्ट, त्यात हिंदी आणि मराठीही आहे, उत्तरार्ध कोकणात घडतो. कपाडिया मल्याळीभाषक नाहीत. मग आपली नसलेली भाषा बोलणाऱ्या नटीचं वाक्य बरोबर पडलं हे त्यांना सेटवर कशावरून कळायचं? सुरुवातीला मुंबईत येऊन राहिलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, ते कुठून आले, कसे गोळा केले? ‘कानला कसं वाटलं’पेक्षा हे प्रश्न मराठी वाचकालाही जास्त जवळचे आहेत, कारण तो त्याच बहुभाषिक शहराचा शेजारी आहे.

दोघांनी मिळून केलेल्या चित्रपटात एक खास चूक होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत अनेक चित्रपट एकत्र दिग्दर्शित केले. ‘कासव’ला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशी जोडी समोर असते तेव्हा मुलाखतकार नकळत तंत्राचे प्रश्न पुरुषाकडे आणि भावनेचे प्रश्न बाईकडे टाकतो. प्रश्नांच्या यादीत प्रत्येकापुढे कोणाला विचारणार ते आधीच लिहा. लेन्सबद्दलचा प्रश्न तिला, पात्राच्या दुःखाबद्दलचा त्याला, असं मुद्दाम करून बघा. कामाची खरी वाटणी त्यातून कळते.

आधीचं काम माहीत असावं. सई परांजपे यांची सुरुवात पुण्याच्या आकाशवाणीवर झाली. हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्या संवादांतल्या लयीबद्दल विचारू शकतो. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, झोपडपट्टीतल्या बाईवरच्या ‘बाई’ या लघुपटाने १९८५ मध्ये त्यांची चित्रपटांची वाट सुरू झाली. संशोधनातली मुलाखत आणि पटकथेतला संवाद यांतला फरक हा त्या पार्श्वभूमीतून निघणारा प्रश्न आहे. दिग्दर्शिका नवी असेल तर तिचे लघुपट शोधा. बरेचदा ते तिच्याच पानावर मोफत असतात आणि कोणी पाहिलेले नसतात.

पंचवीस मिनिटांसाठी आठ प्रश्न लिहा, पाच विचारून होतील. पहिला सोपा आणि नेमका, एखाद्या दृश्याबद्दलचा. पैशाचा आणि वादाचा प्रश्न दोन-तृतीयांश वेळ झाल्यावर. हो-नाहीत उत्तर संपेल असा प्रश्न ठेवू नका. एका वाक्यात दोन प्रश्न जोडले तर सोप्याचंच उत्तर मिळतं. नवऱ्याची परवानगी, लग्न, वय, कपडे हे विषय नकोत.

माहितीपट असेल तर आणखी एक प्रश्न अनिवार्य आहे: चित्रपटातल्या माणसांनी तो पाहिला का, कधी, आणि काय म्हणाले? ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि २०२२ मध्ये त्यात दिसणाऱ्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनीच जाहीर निवेदन काढून आपल्या कामाचं चित्रण अपुरं असल्याचं म्हटलं. शक्य असेल तिथे पडद्यावरच्या माणसांशीही बोला.

लैंगिक अत्याचाराशी संबंधित चित्रपटात कायदा पाळावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम २३ लागू होतं. दिग्दर्शिकेने बोलता बोलता गाव किंवा नातेवाईकाचं नाव घेतलं तरी ते छापायचं नाही. अशा विषयावर विचारणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, तिला अचानक त्यात ढकलू नका.

समोर बसल्यावर

जागा आधी जाऊन बघा. कॉफीचं यंत्र असलेला कॅफे टाळा. कानाला ते सवयीचं वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक उत्तरावर ते किंचाळतं. नदीकाठी वारा माइकवर आदळतो, तिथे बोलायचंच असेल तर माइकला फोमची टोपी लागते. हॉटेलच्या लॉबीत पडदे आणि गादीचे सोफे असलेला कोपरा उत्तम, कारण कापड आवाज शोषतं. काच आणि फरशीत तो घुमतो. समोरासमोर बसण्यापेक्षा टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना बसा, बोलणं मोकळं होतं आणि माइकही दोघांना जवळ पडतो.

दोन यंत्रांवर रेकॉर्ड करा. एक फोन, एक छोटा रेकॉर्डर. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण मध्येच फोन आला की काही फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. यंत्र तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि खाली रुमाल घाला, नाहीतर कप ठेवल्याचा प्रत्येक ठोका त्यात येतो. तीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. नुसती पट्टी हलताना दिसली म्हणून समाधान मानू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी होते, तेवढी जागा आधी मोकळी करा. पॉडकास्ट करायचं नसेल तर फोनची नेहमीची फाइल चालते.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर तारीख, तिचं नाव, चित्रपटाचं नाव आणि ‘रेकॉर्ड करतोय, चालेल ना?’ हे तिच्या होकारासह त्यातच येऊ द्या. नावाचा उच्चार तिच्याकडून म्हणवून घ्या. आसामी, मल्याळी, मणिपुरी नावं इंग्रजी अक्षरांवरून देवनागरीत आणताना हमखास चुकतात. मराठी दिग्दर्शिकांशी ‘तुम्ही’नेच बोला, ज्येष्ठ असतील आणि सगळे म्हणत असतील तर ताई म्हणा. समवयस्क मुलगी स्वतः ‘अरे-तुरे कर’ म्हणाली तरच ‘तू’. लेखात मात्र ‘त्या’.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात तीन आकडे मोजा. पहिलं वाक्य बहुतेक वेळा आधी कुठेतरी दिलेलं असतं, थांबल्यानंतरचं वाक्य तुमच्यासाठी असतं. तिने ‘तो शॉट खरं तर चुकून लागला’ असं काही म्हटलं तर यादी बाजूला ठेवा आणि त्याच्याच मागे जा: चूक काय होती, कोणाच्या लक्षात आली, ठेवायचा निर्णय कधी झाला?

‘हे छापू नका’ असं ती म्हणाली तर तिच्या डोळ्यांदेखत रेकॉर्डर थांबवा. कोणत्या ओटीटीने नकार दिला, कोणत्या नटाने ऐनवेळी सोडलं, बजेट किती, या तीन बाबतींत शेवटी पुन्हा एकदा विचारून घ्या. स्वतंत्र दिग्दर्शिकेला पुढचा चित्रपट त्याच लोकांच्या दारात जाऊन करायचा असतो.

वेळ पाळा. पंचवीस मागितली तर पंचविसाव्या मिनिटाला ‘वेळ झाली’ असं तुम्ही म्हणा. ती आणखी बोलली तर तो तिचा निर्णय. निघताना चार गोष्टी विचारा: चित्रपट यापुढे कुठे दाखवला जाणार, फोटो कोणाकडून मिळेल आणि छायाचित्रकाराचं नाव काय, कोणती माहिती अमुक तारखेपर्यंत छापायची नाही, आणि वाक्यांची खातरजमा कोणत्या इमेलवर करायची.

उतरवणं आणि छापणं

त्याच रात्री फाइल दुसरीकडे कॉपी करा. चोवीस तासांच्या आत उतरवायला बसा, हातवारे आणि हसणं तोवरच आठवतं. पंचवीस मिनिटांचं बोलणं सुमारे तीन हजार शब्द भरतं आणि हाताने उतरवायला दोन ते अडीच तास लागतात. यंत्राकडून उतरवून घेता येतं, पण मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या सरमिसळीत ते माणसांची नावं आणि तांत्रिक शब्द बिघडवतं. नकारही गाळतं: ‘मला ते नको होतं’चं ‘मला ते होतं’ होऊन बसतं. म्हणून यंत्राचा मजकूर समोर ठेवून पूर्ण ऐकावंच लागतं.

तीन हजारांतून बाराशे ते पंधराशे शब्द छापा. अडखळणं आणि पुनरुक्ती काढा, क्रम बदलला तर अर्थ बदलत नाही ना ते बघा. तिच्या तोंडी तुमचं वाक्य घालू नका. ती ‘कट’, ‘लोकेशन’, ‘टेक’ म्हणाली असेल तर तेच ठेवा. शब्द जड मराठीत ओढले की माणूस ओळखू येत नाही. हिंदी किंवा इंग्रजीतलं बोलणं मराठीत आणताना अर्थाची शंका आली तर तेवढंच वाक्य तिला पाठवून विचारा.

पूर्ण मसुदा मंजुरीसाठी पाठवायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा. आकडे, नावं, तारखा आणि नाजूक वाक्यं तेवढी तपासायला द्या, दोन दिवसांची मुदत देऊन. मसुदा पाठवला की उत्तरं गुळगुळीत होऊन परत येतात, आणि त्यात बऱ्याचदा निर्मात्याचाही हात फिरतो.

प्रस्तावना शंभर-सव्वाशे शब्दांची. चित्रपट पाहिला नसलेल्या वाचकाला तो दिसेल असं एक दृश्य त्यात असावं, शेवट फोडू नये. पुरस्कारांची यादी एका ओळीत आटपा. मजकुराखाली चौकट द्या: मूळ नाव, भाषा, वर्ष, लांबी, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, निर्मिती. स्वतंत्र चित्रपटाची ही माहिती मराठीत शोधूनही सापडत नाही, पाच वर्षांनी कोणीतरी तुमच्या याच चौकटीपाशी येईल.

छापून आल्यावर दिग्दर्शिकेला लिंक पाठवा. तिला मराठी येत नसेल तर सोबत पाच ओळींचा सारांश तिच्या भाषेत लिहा. निधीच्या अर्जाला आणि पुढच्या महोत्सवाला अशा नोंदी तिला जोडता येतात. तुमच्या भागातल्या चित्रपट मंडळालाही ती मुलाखत पाठवा. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतंय, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, जिल्ह्याच्या गावांतही छोटी मंडळं आहेत. त्यांना खेळासाठी चित्रपट हवे असतात आणि दिग्दर्शिकेला प्रेक्षक हवे असतात. दोघांना एकमेकांचा इमेल देण्याआधी तिची परवानगी तेवढी घ्या.

आपल्या तक्त्यात एक शेवटचा रकाना वाढवा: ‘पुढे काय झालं’. दर तीन महिन्यांनी तो भरा. चित्रपट थिएटरात आला, ओटीटीवर गेला, की अजून पडून आहे? पुढच्या महोत्सवाचं वेळापत्रक आलं की आधी या रकान्यातली नावं शोधा. तीच दिग्दर्शिका नवा चित्रपट घेऊन आली असेल, तर या वेळी पत्रात ओळख करून द्यावी लागणार नाही, आणि पहिला प्रश्न मागच्या मुलाखतीत अर्धवट राहिलेल्या उत्तरापासून विचारता येईल.